विहिरीच्या पाण्यातील विम्लता व तिचा बंदोबस्त

विहिरीला पाणी किती आहे, याची चौकशी प्रत्येक बागायतदार करतो. ते पाणी कसे आहे, याची चौकशी मात्र क्वचितच होते. विहीर खोदण्यावर किंवा कूपनलिका घेण्यावर लाखो रुपये खर्च होतात आणि पाण्याच्या तपासणीस लागणारा अल्पसा खर्च तेवढा राहून जातो. पुढे ठिबक संचाच्या तोट्या पांढऱ्या थराने बुजू लागतात. द्राक्षाची किंवा संत्र्याची कोवळी पालवी पिवळी पडते. औषध फवारूनही कीड हटत नाही. काही वर्षांनी चांगली काळी जमीन पावसात चिकट आणि उन्हात दगडासारखी कठीण होऊ लागते. ही लक्षणे वरवर निरनिराळी दिसली, तरी पुष्कळदा त्यांचे मूळ एकच असते. ते म्हणजे पाण्यातील वाजवीपेक्षा अधिक विम्लता.

विम्लता आणि सामू यांतील भेद

या विषयात सर्वांत अधिक घोटाळा होतो तो विम्लता आणि सामू या दोन गोष्टी एकच मानल्यामुळे. सामू हा पाणी त्या क्षणी किती आम्ल किंवा किती विम्ल आहे हे दाखविणारा निर्देशांक होय. सामू ७ असल्यास पाणी उदासीन, त्याखाली आम्ल आणि त्यावर विम्ल समजतात. विम्लता ही याहून निराळी गोष्ट आहे. पाण्यात आम्ल टाकल्यास ते पचवून टाकण्याची त्या पाण्याची जी शक्ती, तिला विम्लता म्हणतात. ही शक्ती मुख्यतः पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटमुळे येते. सामू ८.३ च्या वर गेल्यास कार्बोनेटचाही त्यात भाग असतो.

एक उदाहरण घेतल्यास हा भेद चटकन ध्यानात येईल. शेततळ्यात साठविलेले पावसाचे पाणी आणि खोल विहिरीचे पाणी या दोहोंचा सामू ७.८ असू शकतो. परंतु पहिल्या पाण्यात थोडेसे आम्ल टाकताच त्याचा सामू झपाट्याने उतरतो, तर दुसऱ्या पाण्यात त्याच्या कित्येक पट आम्ल टाकावे तेव्हा कोठे तो हलू लागतो. यास्तव केवळ सामू पाहून आम्लाची मात्रा ठरविता येत नाही. मात्रा ठरते ती विम्लतेवरून.

विम्लता एक लिटर पाण्यातील कॅल्शियम कार्बोनेटच्या मिलिग्रॅममध्ये सांगतात. प्रयोगशाळेच्या अहवालात ती कित्येकदा मिलिइक्विव्हॅलंट या मापात दिलेली असते. एक मिलिइक्विव्हॅलंट म्हणजे ५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट किंवा ६१ मिलिग्रॅम बायकार्बोनेट, एवढे लक्षात ठेवले म्हणजे कोणताही अहवाल वाचता येतो.

विम्लता कोठून येते

पावसाचे पाणी जमिनीत मुरताना मुळांच्या व सूक्ष्म जिवाणूंच्या श्वसनातून निघालेला कार्बन डायऑक्साइड वायू त्यात विरघळतो. असे किंचित आम्लधर्मी झालेले पाणी खडकातील व चुनखडीतील द्रव्ये हळूहळू विरघळविते आणि त्यातून बायकार्बोनेट तयार होते. दख्खनच्या पठारावरील काळ्या पाषाणातील विहिरींच्या पाण्यात सामान्यतः कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे बायकार्बोनेट आढळते. विदर्भात पूर्णा नदीच्या खोऱ्यातील, म्हणजे अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्यात मात्र पाण्यात व जमिनीत सोडियमचे प्राबल्य आहे. पहिल्या प्रकारच्या पाण्याचा त्रास मुख्यत्वे नळ्या, तोट्या व पाने यांना होतो. दुसऱ्या प्रकारचे पाणी जमिनीवरच घाला घालते. म्हणून पाण्यात विम्लता किती आहे याबरोबरच ती कोणत्या क्षाराच्या जोडीने आलेली आहे, हेही पाहणे अगत्याचे आहे.

होणारे नुकसान

विम्ल पाणी उन्हाने तापले किंवा त्यातील कार्बन डायऑक्साइड उडून गेला, म्हणजे त्यातील कॅल्शियम चुन्याच्या रूपाने खाली बसते. तोट्यांच्या तोंडाशी व उपनळ्यांत जमणारा पांढरा थर तो हाच. तोट्या अर्धवट बुजल्या की ओळीतील काही झाडांना पाणी कमी मिळते, आणि ते ध्यानात येईपर्यंत हंगाम निघून गेलेला असतो.

मुळांच्या परिसरात बायकार्बोनेट वाढले, म्हणजे पिकास लोह मिळणे कठीण होते. कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. द्राक्ष, संत्रा, भुईमूग व ऊस या पिकांवर हे लक्षण स्पष्ट दिसते. अशा वेळी नुसते हिराकस टाकून भागत नाही, कारण जमिनीत पडलेले लोह तेथेच अडकून पडते.

सर्वांत गंभीर नुकसान जमिनीचे होते. पाण्यातील कॅल्शियम चुना होऊन बसला, म्हणजे मागे उरलेल्या सोडियमचे प्रमाण वाढते. हे सोडियम चिकणमातीच्या कणांना जाऊन चिकटते, मातीचे दाणे फुटतात, छिद्रे बुजतात आणि पाणी व हवा खाली जाईनाशी होते. जमीन चोपण होते ती अशी. तोटी एका दिवसात बदलता येते. चोपण झालेली जमीन सुधारण्यास मात्र वर्षे लागतात.

नमुना कसा घ्यावा

पंप सुमारे अर्धा तास चालू ठेवून नंतर नमुना घ्यावा. स्वच्छ प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने दोन-तीन वेळा विसळावी, काठोकाठ भरावी, आत हवा न ठेवता झाकण घट्ट लावावे आणि शक्य तितक्या लवकर प्रयोगशाळेत पोचवावी. बाटली अर्धवट भरल्यास वायू निघून जातो व सामू बदलतो. बाटलीवर गावाचे नाव, गट क्रमांक, विहिरीची खोली व तारीख लिहावी. वर्षातून दोनदा तपासणी करावी. एकदा उन्हाळ्यात पाणी तळाला गेले असता व एकदा पावसाळा संपल्यावर. शेततळ्याचा नमुना सकाळी घ्यावा, कारण दिवसा शेवाळ पाण्यातील कार्बन डायऑक्साइड शोषून घेते आणि दुपारी सामू ९ पर्यंतही चढलेला दिसतो. त्या वेळी विम्लतेत मात्र फारसा फरक पडलेला नसतो.

अहवालात सामू, विद्युत वाहकता, कार्बोनेट, बायकार्बोनेट, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम व क्लोराइड हे आकडे असावेत, असे प्रयोगशाळेस सांगावे.

आम्लाची मात्रा

विम्लता कमी करण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे मोजून आम्ल देणे. १,००० लिटर पाण्यातील विम्लता एक मिलिइक्विव्हॅलंटने, म्हणजे ५० मिलिग्रॅमने कमी करण्यास तीव्र गंधकाम्ल (९८ टक्के) सुमारे २७ मिलिलिटर, बाजारी हायड्रोक्लोरिक आम्ल (३३ टक्के) सुमारे ९५ मिलिलिटर किंवा फॉस्फरिक आम्ल (८५ टक्के) सुमारे ६८ मिलिलिटर लागते.

समजा, विहिरीच्या पाण्याची विम्लता ४०० मिलिग्रॅम, म्हणजे ८ मिलिइक्विव्हॅलंट आहे आणि ती निम्म्यावर आणावयाची आहे. टाकी १०,००० लिटरची आहे. येथे ४ मिलिइक्विव्हॅलंट कमी करावयाचे आहेत. म्हणून २७ गुणिले ४ गुणिले १०, म्हणजे १,०८० मिलिलिटर, अर्थात एका लिटरहून थोडे अधिक गंधकाम्ल लागेल. त्याऐवजी हायड्रोक्लोरिक आम्ल वापरल्यास सुमारे ३.८ लिटर लागेल.

बाजारातील आम्लाची तीव्रता नेहमी सारखी नसते. म्हणून हिशेबाचा पडताळा बादलीत पाहणे शहाणपणाचे ठरते. ९०० मिलिलिटर पाण्यात १०० मिलिलिटर हायड्रोक्लोरिक आम्ल सावकाश मिसळून विरल द्रावण करावे. एका प्लास्टिकच्या बादलीत टाकीतील २० लिटर पाणी घेऊन त्यात हे द्रावण थोडे थोडे टाकीत जावे, दर वेळी ढवळावे आणि सामू-कागदाने पाहावे. सामू ६.५ च्या आसपास येताच थांबावे. जितके मिलिलिटर द्रावण लागले त्या आकड्यास ५ ने गुणले असता १,००० लिटर पाण्यास लागणारे मूळ आम्ल मिलिलिटरमध्ये मिळते. सामू ६.५ वर येतो तेव्हा मूळ विम्लतेचा सुमारे ४० टक्के भाग खर्ची पडलेला असतो. सामू ६ वर येतो तेव्हा सुमारे ७० टक्के.

आम्लाची निवड पिकाप्रमाणे करावी. हायड्रोक्लोरिक आम्लाने पाण्यात क्लोराइडची भर पडते. वरील उदाहरणात ही भर दर लिटरला १४० मिलिग्रॅमच्या जवळपास होते. द्राक्ष व संत्रावर्गीय झाडे क्लोराइडला नाजूक असल्याने त्यांच्या नेहमीच्या पाण्यासाठी गंधकाम्ल बरे. फॉस्फरिक आम्लाने स्फुरद मिळतो. परंतु कॅल्शियम भरपूर असलेल्या पाण्यात ते अपुऱ्या प्रमाणात टाकल्यास स्फुरद व कॅल्शियम यांचा साका बसून तोट्या अधिकच बुजतात.

सामू पुन्हा का चढतो

आम्ल दिल्यानंतर उघड्या टाकीतील पाण्याचा सामू दुसऱ्या दिवशी पुन्हा चढलेला आढळतो. आम्ल वाया गेले, असे समजून पुष्कळजण तितकेच आम्ल पुन्हा ओततात. ही घातक चूक होय. आम्लामुळे बायकार्बोनेटचे रूपांतर कार्बन डायऑक्साइडमध्ये होते. हा वायू पाण्यात असेतोवर सामू खाली राहतो आणि तो हवेत निघून गेला की सामू वर येतो. विम्लता मात्र कमी झाली ती झालीच. पाणी कारंज्यासारखे उडविल्यास सामू लवकर चढतो. त्याने विम्लता वाढत नाही.

पुनःपुन्हा आम्ल ओतीत गेल्यास एक वेळ अशी येते की विम्लता संपते. त्यानंतरच्या थोड्याशा आम्लानेही सामू एकदम ४ च्या खाली कोसळतो. अशा पाण्याने कोवळी मुळे भाजतात, सिमेंटची टाकी खाल्ली जाते व पंपाचे लोखंड झिजते. म्हणून दुसरी मात्रा देण्यापूर्वी विम्लताच पुन्हा मोजावी. विम्लता ५० मिलिग्रॅमच्या खाली नेण्याचे सामान्यतः कारण नाही.

ठिबकच्या तोट्या साफ करण्यासाठी द्यावयाची आम्लप्रक्रिया याहून निराळी आहे. तीत शेवटच्या उपनळीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा सामू ४ होईपर्यंत आम्ल सोडतात, संच बंद करून २४ तासांपर्यंत तसाच ठेवतात व नंतर नळ्यांची टोके उघडून सर्व पाणी वाहून जाऊ देतात. ही प्रक्रिया अधूनमधून करावयाची असते. रोजच्या पाण्याला ते माप लावू नये.

फवारणीचे पाणी

मॅलॅथिऑनसारखी काही कीटकनाशके विम्ल पाण्यात लवकर विघटन पावतात. द्रावण करून सकाळी ठेवले आणि दुपारी फवारले, तर त्याचा गुण पुष्कळसा गेलेला असतो. फवारणीच्या पाण्याचा सामू ६ ते ७ च्या दरम्यान आणून द्रावण केल्याबरोबर वापरावे. मात्र बोर्डो मिश्रण व इतर ताम्रयुक्त औषधे यांच्या पाण्यात आम्ल मुळीच घालू नये. त्यामुळे ताम्र अधिक विरघळते व पाने करपतात. चुना व गंधक यांच्या मिश्रणात आम्ल पडल्यास विषारी वायू निघतो. डब्यावरील सूचना प्रथम वाचाव्या.

जमिनीचे रक्षण

पाट-पाण्याने भिजणाऱ्या शेतास आम्ल देणे परवडत नाही. एका एकरास १० सेंटिमीटर खोलीची एक पाळी म्हणजे सुमारे ४ लाख लिटर पाणी. त्याची विम्लता ४ मिलिइक्विव्हॅलंटने कमी करण्यास दर पाळीला सुमारे ४४ लिटर तीव्र गंधकाम्ल लागेल. येथे जिप्समच उपयोगी.

पाण्यातील कार्बोनेट व बायकार्बोनेट यांच्या बेरजेतून कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची बेरीज वजा केली असता उरणाऱ्या आकड्यास अवशिष्ट सोडियम कार्बोनेट म्हणतात. ही कल्पना ईटन या शास्त्रज्ञाने १९५० साली मांडली. कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथील क्षारभूमी प्रयोगशाळेच्या १९५४ सालच्या पुस्तिकेत तिच्या मर्यादा दिल्या आहेत. हा आकडा १.२५ पर्यंत असल्यास पाणी निर्धोक, १.२५ ते २.५० असल्यास जपून वापरण्याजोगे आणि २.५० च्या वर असल्यास उपचाराविना अयोग्य समजावे.

हा आकडा एकाने कमी करण्यास वरील एका पाळीमागे एकरी सुमारे ३५ किलो शुद्ध जिप्सम लागते. उदाहरणार्थ, बायकार्बोनेट ८ आणि कॅल्शियम व मॅग्नेशियम मिळून ४ असल्यास उरलेला आकडा ४ येतो. तो २.५० वर आणण्यास सुमारे ५२ किलो शुद्ध जिप्सम हवे. जिप्सम ७० टक्के शुद्ध असल्यास सुमारे ७५ किलो. पाटाच्या तोंडाशी लहान हौद बांधून त्यात जिप्समचे खडे ठेवावे व त्यांवरून पाणी जाऊ द्यावे, किंवा वर्षभराचा हिशेब करून पावसाळ्यापूर्वी ते वरच्या थरात मिसळावे. जमिनीतून निघालेले सोडियम वाहून जाण्यास चर नसतील, तर जिप्समचा पैसा पाण्यात गेला असे समजावे. जोडीला ताग किंवा धैंचा गाडावा. ज्या जमिनीत चुनखडी भरपूर आहे तेथे गंधकही उपयोगी पडते. जिवाणू त्याचे गंधकाम्ल करतात आणि चुनखडीतील कॅल्शियम मोकळे होते.

पावसाचे पाणी मिसळणे

सर्वांत स्वस्त उपाय आकाशातून पडतो. शेततळ्यातील पाण्याची विम्लता ८० आणि विहिरीची ४०० असल्यास दोन्ही सारखी मिसळली असता विम्लता २४० वर येते; आम्लाचा एक थेंबही लागत नाही. राज्यात २०१६ सालापासून ‘मागेल त्याला शेततळे’ या योजनेखाली पुष्कळ तळी झाली. या तळ्यांत विहिरीचेच पाणी उपसून न भरता पावसाचे ओढ्या-नाल्याचे पाणी साठविल्यास हा दुहेरी लाभ पदरात पडतो. विम्लतेबरोबर एकूण क्षारही विरळ होतात. हे काम कोणत्याही आम्लाने होत नाही.

पाहुण्यांचा पोहण्याचा तलाव

शासनाने २०२० साली कृषी पर्यटन धोरण स्वीकारले. काही शेतकरी पाहुण्यांच्या सोयीसाठी शेतावर लहानसा पोहण्याचा तलाव बांधतात व तो विहिरीच्या पाण्याने भरतात. तेथेही हेच रसायनशास्त्र लागू पडते, आणि येथे प्रश्न पिकाचा नसून माणसांच्या, विशेषतः मुलांच्या आरोग्याचा असतो. पाणी निर्जंतुक करणाऱ्या क्लोरिनचा प्रभावी भाग सामू ७.५ असता सुमारे निम्मा असतो. सामू ८ झाल्यास तो पाव भागावर येतो. तलावात क्लोरिन आहे, परंतु जंतू मरत नाहीत, अशी स्थिती त्यामुळे उद्भवते. विम्लता अधिक असली की सामू सारखा वरच चढत राहतो, पाणी गढूळ दिसते व फरशीवर थर बसतो.

अशा तलावाची विम्लता ८० ते १२० मिलिग्रॅम व सामू ७.२ ते ७.६ असावा. ५०,००० लिटरच्या तलावाची विम्लता २४० वरून १२० वर आणण्यास ३३ टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल सुमारे ११.४ लिटर लागते. ते एकदम न देता काही दिवसांत विभागून, पाण्यात कोणी नसताना व पंप चालू ठेवून, खोल बाजूस विरल करून सोडावे. सामू ७ च्या खाली जाऊ लागल्यास त्या दिवशी थांबावे. पाणी खेळते ठेवल्यास सामू आपोआप वर येतो. मग पुढील मात्रा द्यावी. सामू वाढविण्यासाठी खाण्याचा सोडा घालू नये, कारण सोडा म्हणजेच विम्लता. सामू व क्लोरिन रोज तपासून वहीत लिहावे आणि दोन्ही ठीक असल्याखेरीज मुलांना पाण्यात उतरू देऊ नये. तलावाचे पाणी क्लोरिन उडून गेल्याशिवाय पिकात सोडू नये.

आम्ल हाताळताना

आम्ल नेहमी पाण्यात सावकाश ओतावे; आम्लात पाणी कधीही ओतू नये. तसे केल्यास द्रावण उकळून अंगावर उसळते. रबरी हातमोजे, चष्मा व पायांत बूट घालावे, वाऱ्याकडे पाठ करावी आणि जवळ स्वच्छ पाण्याची भरलेली बादली ठेवावी. आम्ल अंगावर किंवा डोळ्यात गेल्यास तत्काळ भरपूर पाण्याने पंधरा-वीस मिनिटे धुऊन दवाखाना गाठावा. ब्लीचिंग पावडरशी आम्लाचा संबंध येऊ देऊ नये. त्यातून निघणारा क्लोरिन वायू जिवावर बेततो. पेय पदार्थांच्या रिकाम्या बाटलीत आम्ल ठेवल्याने घरोघरी अपघात होतात. ते मूळ डब्यातच, कुलपात व मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ सालच्या आदेशाप्रमाणे आम्ल घेताना ओळखपत्र दाखवून कारण नोंदवावे लागते, आणि १८ वर्षांखालील व्यक्तीस ते विकता येत नाही.

तात्पर्य, पाणी प्रथम तपासावे, विम्लता व सामू यांतील भेद ओळखावा, ठिबक व फवारणीच्या पाण्यास मोजके आम्ल द्यावे, जमिनीसाठी जिप्सम व निचरा यांची योजना करावी आणि पावसाचे पाणी जितके साठविता येईल तितके साठवावे. तपासणीचे अहवाल फेकून न देता वर्षानुवर्षे एका वहीत चिकटवून ठेवावे. अवशिष्ट सोडियम कार्बोनेटचा आकडा दरवर्षी चढत असल्याचे त्या वहीत दिसले, तर पीक अजून हिरवे असले तरी उपाय त्याच हंगामात सुरू करावा. जमीन चोपण झाल्यावर केलेल्या खर्चापेक्षा ती होऊ न देण्यासाठी केलेला खर्च नेहमीच थोडा असतो.